मोटर रात्री आपोआप बंद पडते: वॉचडॉग आणि रिसेटच्या वेळांतला बिघाड कसा शोधायचा

रब्बीच्या दिवसांत माझा फोन रात्री दहानंतर जास्त वाजतो, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची असली की हमखास. गेल्या थंडीत अमळनेरकडच्या एका आबांचा फोन आला. "भाऊ, मोटर रातले आपोआप बंद व्हई जास." मोबाइलवरून चालू केली की कधी दहा मिनिटं चालते, कधी तासभर, आणि मग कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विजेवरचा स्विच, सुटतो. ओव्हरलोड पडलेला नाही, तिन्ही फेज आहेत, विहिरीला पाणी आहे. फक्त पॅनलमधल्या मोबाइल स्टार्टरचा दिवा एकदा विझून पुन्हा लागतो, एवढं त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं होतं.

बोर्ड आमचाच होता. मी आणि माझा मित्र जळगावात मोबाइल स्टार्टरचे कंट्रोलर थोडे थोडे बनवतो आणि इतरांचे बिघडलेले दुरुस्त करतो. म्हणजे शिव्या खायच्या त्या आम्हीच.

दिवा विझून लागला म्हणजे प्रोसेसर रिसेट झाला. इथे दुरुस्तीवाला पहिलं काय करतो, तर बोर्डावरची पाच पायांची रिसेट चिप, म्हणजे व्होल्टेज सुपरव्हायजर, बदलून टाकतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण ती चिप बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असते. तिनं रिसेटची तार खाली ओढली म्हणजे तिला काहीतरी दिसलं. व्होल्टेज पडलं असेल, प्रोसेसर गप्प बसला असेल (हे पाहणारा चिपमधला राखणदार म्हणजे वॉचडॉग), नाहीतर तारेत बाहेरून काही घुसलं असेल. चौथं कारण म्हणजे चिपच खराब. ते शेवटी धरायचं. या तिघांपैकी कोण, हे सोल्डरिंगची इस्त्री गरम करायच्या आधी ठरवता येतं, कारण तिघांच्या वेळा वेगळ्या असतात.

आधी डेटाशीट उघडा, आणि मधला रकाना झाका

डेटाशीट म्हणजे चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक; आकड्यांना त्यात किमान, साधारण आणि कमाल असे तीन रकाने असतात. आमच्या बोर्डावर मॅक्स ८२३ आहे. टीपीएस ३८२३ ही त्याच धाटणीची आणि पायांची जुळणीही तीच: पहिला पाय रिसेट, दुसरा ग्राउंड, तिसरा एमआर म्हणजे हाताने रिसेट देण्याचा, चौथा डब्ल्यूडीआय म्हणजे वॉचडॉगला थोपटण्याचा (प्रोसेसरनं "मी जागा आहे" अशी खूण देण्याचा), पाचवा सप्लाय. सप्लाय ठरलेल्या पातळीखाली गेला की रिसेट खाली जातो. सप्लाय सावरल्यावर आणखी सुमारे २०० मिलिसेकंद तो खालीच राहतो. आणि चौथ्या पायावर सुमारे १.६ सेकंद काहीच हालचाल झाली नाही, तरी रिसेट जातो. वरून खाली किंवा खालून वर, कोणताही बदल हालचाल म्हणून चालतो.

"सुमारे" हा शब्दच घात करतो. मॅक्स ८२३ चा वॉचडॉग १.६ सेकंदांचा म्हणून सगळे सांगतात, पण कंपनी हमी देते ती १.१२ ते २.४ सेकंदांची. रिसेटचे २०० मिलिसेकंद प्रत्यक्षात १४० ते २८० मध्ये कुठेही असू शकतात. टीपीएस ३८२३ च्या वॉचडॉगचा खालचा आकडा तर ०.९ सेकंदावर येतो. मधला रकाना चिप विकायला असतो. आपण हिशेब करायचा तो दोन्ही टोकांच्या रकान्यांवर. वॉचडॉगसाठी खालचा आकडा धरा, रिसेट संपायची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या भागांसाठी वरचा.

पातळी चिपच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर ठरते. मॅक्स ८२३ मध्ये एल म्हणजे ४.६३ व्होल्ट, एम ४.३८, टी ३.०८, एस २.९३, आर २.६३. इतक्या बारीक चिपवर पूर्ण नाव छापायला जागाच नसते, दोन-चार अक्षरांची खूण असते, आणि सुट्या भागांच्या दुकानातल्या पाकिटात काय निघेल ते नशीब. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर एल बसली तर बोर्ड जन्मभर रिसेटमध्येच राहील. हे लगेच कळतं. टी बसली तर मात्र कळत नाही. तिची पातळी ३.१५ पर्यंत वर असू शकते आणि रेग्युलेटर जरासा दमला की बोर्ड अधूनमधून झोपतो. आम्ही एस घेतो. तिची पातळी कमीत कमी २.८५, आणि बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीला लागतात २.७ व्होल्ट. म्हणजे मेमरी वेडंवाकडं लिहायच्या आत प्रोसेसर थांबलेला असतो आणि वरच्या बाजूलाही मोकळीक राहते.

पहिली पायरी: मोबाइलचं स्टॉपवॉच

बोर्ड सतत रिसेट होत असेल तर काहीही न जोडता दहा रिसेट मोजा आणि एकूण वेळेला दहाने भागा. अठरा सेकंदांत दहा आले, तर एका फेरीला १.८ सेकंद: १.६ वॉचडॉगचे आणि ०.२ रिसेटचे. हा वॉचडॉगचाच ठसा. दीड ते अडीच सेकंदांच्या आसपास कुठलीही ठाम, न हलणारी फेरी आली तरी अर्थ तोच.

फेरी रिलेच्या टिकटिकीशी किंवा जीएसएम मॉड्यूलच्या (सिम बसतं त्या भागाच्या) दिव्याशी जुळत असेल, म्हणजे रिले ओढला की रिसेट, मॉड्यूल नेटवर्क शोधायला लागलं की रिसेट, तर संशय सप्लायवर. दिवा अजिबात लुकलुकत नाही, नुसता मंद दिसतो, असं असेल तर फेरी डोळ्याला न दिसण्याइतकी जलद आहे. एटीमेगा ३२८पी या प्रोसेसरवर याचं एक ठरलेलं कारण आहे. आतला वॉचडॉग एकदा चावला की रिसेटनंतरही चालूच राहतो, आणि तोही सगळ्यात छोट्या म्हणजे १६ मिलिसेकंदांच्या वेळेवर. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला वॉचडॉगची खूण पुसून तो बंद केला नाही, तर बोर्ड तिथेच गटांगळ्या खातो. बाहेरच्या चिपचा यात काही दोष नसतो.

आबांच्या बोर्डात मात्र कुठलीच फेरी नव्हती. दोन रिसेटमध्ये कधी बारा मिनिटं, कधी पन्नास.

दुसरी पायरी: प्रोसेसरलाच विचारा

प्रोसेसर उठल्या उठल्या आपण का उठलो हे एका रजिस्टरमध्ये लिहितो. एटीमेगामध्ये ते एमसीयूएसआर, एसटीएम३२ जातीच्या प्रोसेसरमध्ये आरसीसी सीएसआर. प्रोग्रामच्या पहिल्या ओळींत ते वाचा, जपून ठेवा, आणि मग पुसा. पुसायचं राहिलं तर जुन्या खुणा साचत जातात आणि सगळीच कारणं एकदम दिसायला लागतात. एसटीएम३२ वर आणखी एक गंमत: आतल्या आत झालेला रिसेटही एनआरएसटी म्हणजे रिसेटच्या पायातून बाहेर खाली ओढला जातो, त्यामुळे पिन रिसेटची खूण जवळजवळ नेहमीच लागलेली दिसते. म्हणून आधी बाकीच्या खुणा बघायच्या. नुसती पिनचीच असेल, तरच रिसेट बाहेरून आला म्हणायचं.

पण बाहेरून म्हणजे कोणाकडून? सुपरव्हायजर एकाच पायातून व्होल्टेजचाही रिसेट देतो आणि वॉचडॉगचाही. प्रोसेसरला दोन्ही सारखेच.

इथे रॅम कामाला येते. सुरुवातीला शून्य न होणाऱ्या भागात दोन शब्द ठेवा. एकात ठरलेला एक मोठा आकडा, दुसऱ्यात प्रोग्राम सध्या कोणत्या कामात आहे त्याचा क्रमांक: १ म्हणजे फेज तपासणं, २ मॉड्यूलला आज्ञा देणं, ३ मेमरीत लिहिणं, असं. रिसेटनंतर मोठा आकडा शाबूत असेल, तर सप्लाय पुरता मेलेला नव्हता, आणि शेवटचा क्रमांक सांगतो की गडी कुठे अडकला होता. मोठा आकडा शाबूत असला तरी सप्लाय २.९३ च्या थोडा खाली जाऊन परत आलेला असू शकतो, एवढी मेख लक्षात ठेवा. पण एकच क्रमांक चार-पाच वेळा आला, तर तो योगायोग नव्हे.

हे सगळं मी आबांच्या बोर्डात पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. केलं नाही. जुना मोठा कपॅसिटर फुगलेला दिसला, तो बदलला, आणि "झालं" म्हणून बोर्ड परत दिला. तीन दिवस चालला. चौथ्या रात्री फोन.

तिसरी पायरी: स्कोप

मल्टिमीटरनं हे काम होत नाही. त्याचं किमान-कमाल नोंदवणारं बटणसुद्धा मायक्रोसेकंदांचा खड्डा पकडण्याइतकं चपळ नसतं. स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर वॉचडॉगची बाजू छान दाखवतो, पण व्होल्टेज किती पडलं ते सांगत नाही. दोन चॅनेलचा साधा डिजिटल स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, हवाच.

त्याआधी एक गोष्ट. हे काम टेबलावर करा, शेतातल्या पॅनलमध्ये नको. तिथे ४१५ व्होल्ट आहेत, आणि स्कोपची काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरून थेट सप्लाय घेतलेला असतो. अशा बोर्डाचं ग्राउंडच जिवंत असतं. क्लिप लावली की स्फोट. बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेनशी थेट जोडणी तोडणाऱ्या) घ्या, आणि पुढे व्हेरिॲक (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावा, तो लागणारच आहे.

प्रोब सुपरव्हायजरच्या पाचव्या आणि दुसऱ्या पायावरच टेकवा, रेग्युलेटरच्या तोंडाशी नको. मधल्या बारीक ट्रॅकवरच दोनशे मिलिव्होल्ट सांडलेले मी पाहिलेत. लांब क्लिपऐवजी प्रोबची स्प्रिंग वापरा, नाहीतर स्कोपवर दिसणारा खड्डा क्लिपच्या वेटोळ्याचाच निघतो. दुसरा चॅनेल रिसेटवर, ट्रिगर त्याच्या खाली येणाऱ्या कडेवर, एकदाच पकडण्याची पद्धत.

पकड दोनदा घ्या. एकदा एका चौकटीला ५०० मिलिसेकंद ठेवून, पहिला चॅनेल डब्ल्यूडीआयवर. रिसेटच्या आधी तिथे दीड सेकंद सपाट रेघ असेल तर वॉचडॉग. मग एका चौकटीला २० मायक्रोसेकंद ठेवून, पहिला चॅनेल सप्लायवर. रिसेटच्या अगदी आधी खड्डा असेल तर व्होल्टेज. डब्ल्यूडीआय नीट हलतोय, सप्लाय सपाट आहे आणि तरी रिसेट, तर एमआरचा पाय बघा. तो लांब तारेनं बाहेरच्या बटणापर्यंत नेला असेल, तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका तिथून घुसतो. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, लावा, कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच घ्या, आणि एमआरची तार तोडा. शेतात ते बटण कोणी दाबत नाही.

व्होल्टेज निघालं तर

डीपी लांब, तार बारीक, आणि लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरा एकदम उठतात. थेट चालू होणारी मोटर उठताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे रोजचं आहे. ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या जुन्या बोर्डांचा हिशेब बघा. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट हवेत. आधीच्या कपॅसिटरवर १२ व्होल्ट आहेत, म्हणजे हातात ५ व्होल्टची घट. १००० मायक्रोफॅरड गुणिले ५ भागिले ०.१ अँपिअर: ५० मिलिसेकंद. जीएसएम मॉड्यूल धरून एकूण सरासरी ३०० मिलिअँपिअर ओढले गेले, तर १७. मोटर पूर्ण वेगाला यायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून इथे कपॅसिटर वाढवत बसण्यात अर्थ नाही. ८५ ते २६५ व्होल्टवर चालणारा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) बसवा, विषय संपला.

जीएसएमचा झटका वेगळा. टू-जी मॉड्यूल बोलताना दर ४.६ मिलिसेकंदांनी, अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ, २ अँपिअरपर्यंत ओढतं. सिग्नल जितका कमजोर, तितका जोर जास्त. सिम ८०० सारख्या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. त्याचा रेग्युलेटर प्रोसेसरपेक्षा वेगळा ठेवा आणि कमी ईएसआरचा (आतल्या रोधाचा) कपॅसिटर त्याच्या पायाशी चिकटवून लावा. दुरुस्तीला आलेल्या बोर्डात बहुधा हाच कपॅसिटर वाळलेला असतो. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात भुसावळला सावलीत पारा ४५ च्या वर जातो, तर पत्र्याच्या पेटीत उन्हात काय होत असेल याचा अंदाज करा. ८५ अंशांचा कपॅसिटर इकडे घालूच नका. १०५ चा घ्या, आणि मोजताना मायक्रोफॅरडबरोबर ईएसआरही मोजा, कारण क्षमता ठीक दाखवणारा कपॅसिटर ईएसआरमध्ये नापास निघतो.

एक समाधान आहे की सुपरव्हायजर फार छोट्या खड्ड्यांना भुलत नाही. पातळीच्या जेमतेम खाली जाणारा काही मायक्रोसेकंदांचा खड्डा तो सोडून देतो. खड्डा जितका खोल, तितकी ही सवड कमी. सप्लायच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असला की बहुतेक किरकोळ खड्डे तिथेच बुजतात.

वॉचडॉग निघाला तर

खरी गंमत इथे आहे, आणि दोष बहुतेक वेळा प्रोग्रामचा असतो.

एकदा आमच्या वीस बोर्डांच्या गठ्ठ्यातले दोन चालेनात. अठरा ठणठणीत, दोन १.४ सेकंदांच्या फेरीनं रिसेट होत राहिले. चिप बदलल्या, दोन्ही चालले. आम्ही खूश. मग उन्हाळ्यात शेतातून आणखी एक परत आला, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. प्रोग्राममध्ये पहिल्या ओळीला डब्ल्यूडीआयचा पाय चालू होत होता, आणि नंतर मॉड्यूल उठायची वाट पाहत १.३ सेकंद नुसतं थांबणं होतं. १.६ सेकंदांच्या चिपला हे चालतं, १.२ च्या चिपला नाही. त्या दोन चिप खराब नव्हत्या. डेटाशीटच्या आतच होत्या. खराब आमचा हिशेब होता. आता नियम असा: कोणत्याही दोन थोपटण्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर नाही.

हे अंतर कुठे कुठे वाढतं, तर मॉड्यूलच्या उत्तराची वाट पाहताना, सर्वात आधी. काही आज्ञांना, विशेषतः नेटवर्क शोधणं किंवा इंटरनेटची जोडणी उघडणं, मॉड्यूल मिनिटभराहून जास्त घेऊ शकतं. फ्लॅश मेमरीचा एक तुकडा पुसायला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात, अख्खी चिप पुसायला कित्येक सेकंद. अशा ठिकाणी वाट पाहण्याचे २०० मिलिसेकंदांचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर थोपटा, आणि तुकड्यांच्या संख्येला मर्यादा घाला. मर्यादा नसेल, तर मेलेल्या मॉड्यूलची वाट पाहणारा प्रोसेसर वॉचडॉगला थोपटत थोपटत आठवडाभर बसेल.

यावरून आणखी एक वाईट सवय आठवली: टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य प्रोग्राम मध्येच थांबवून चालणाऱ्या छोट्या तुकड्यात) थोपटणं. सोपं वाटतं, रिसेट थांबतात, सगळे खूश. पण मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. राखणदार झोपलेला आणि कोणी दुसराच त्याच्या नावानं "जागते रहो" ओरडतोय, असा प्रकार. थोपटणं मुख्य फेरीतच ठेवा, आणि तेही प्रत्येक कामानं "माझं झालं" अशी खूण केल्यावरच. पाय वर करणं एका ठिकाणी आणि खाली करणं दुसऱ्या ठिकाणी ठेवलं तर आणखी बरं; छोट्या फेरीत अडकलेला प्रोग्राम मग एकच कड देऊ शकतो.

आता जो सापळा मला सगळ्यात उशिरा कळला. मॅक्स ८२३ आणि टीपीएस ३८२३ मध्ये डब्ल्यूडीआयचा पाय मोकळा सोडला की वॉचडॉग बंद होतो. प्रोग्राम भरताना ही सोय बरी पडते, जंपर काढा आणि निवांत भरा. पण रिसेटनंतर प्रोसेसरचे सगळे पाय मोकळेच असतात! प्रोग्राम तो पाय चालू करायच्या आधीच अडकला, बूटलोडरमध्ये म्हणा, क्रिस्टल सुरू न झाल्यामुळे म्हणा, तर वॉचडॉगलाही तो पाय मोकळाच दिसतो आणि तो शांत बसतो. बोर्ड मेलेला, राखणदार निवांत. म्हणून पाय चालू करण्याची ओळ सर्वात वर हवी, आणि त्या पायावर खाली ओढणारा एक रेझिस्टर हवा. या चिप मोकळा पाय ओळखतात ते त्यातून जाणारा करंट दहा मायक्रोअँपिअरच्या आत असेल तरच, त्यामुळे १० किलोओहमचा रेझिस्टर असला की पाय मोकळा धरला जात नाही. मग प्रोग्राम भरताना जंपरनं चिपकडचा पाय आणि रेझिस्टर वेगळे होतील अशी जागा ठेवायला विसरू नका, नाहीतर भरता भरता मध्येच रिसेट बसेल.

सगळ्या चिप अशा नसतात. काहींना वॉचडॉग बंद करायला वेगळा पाय असतो, काहींमध्ये सुरुवातीची सवड वेगळी आणि नंतरची वेगळी. विंडो वॉचडॉग तर लवकर थोपटलं तरी रिसेट देतो; तिथे "जास्त वेळा थोपटू, म्हणजे सुरक्षित" हा विचार उलटा पडतो.

एसटीएम३२ चा आतला वॉचडॉगही मी जोडीला ठेवतो, पण सैल. एफ१०३ मध्ये त्याचं घड्याळ ४० किलोहर्ट्झचं म्हणतात आणि प्रत्यक्षात ३० ते ६० मध्ये कुठेही असतं. चार सेकंद ठरवले तर हातात २.७ ते ५.३ पडतात.

रिसेट सुटायलाच वेळ लागत असेल तर

टीपीएस ३८०८ सारख्या चिपमध्ये रिसेटची लांबी सीटी पायावरच्या कपॅसिटरनं ठरते. सेकंदांतून अर्धा मिलिसेकंद वजा करा, १७५ नं गुणा, उत्तर नॅनोफॅरडमध्ये. एका सेकंदाला साधारण १७५ नॅनोफॅरड. आत फक्त २२० नॅनोअँपिअरचा करंट त्या कपॅसिटरला १.२३ व्होल्टपर्यंत भरत असतो. हा आकडा इतका लहान आहे की बोर्डावर राहिलेला फ्लक्ससुद्धा त्याला पिऊन टाकतो. चोपड्याच्या एका शेतातला बोर्ड सकाळी उठायला पाच-सहा सेकंद घ्यायचा आणि दुपारी एकच. थंडीतलं दव पेटीत शिरत होतं, त्यात सल्फेटच्या गोण्या त्याच खोलीत. आयसोप्रोपिलनं बोर्ड धुतला, वाळवला, वर कोटिंग मारलं. चिप तीच आहे अजून.

तो बोर्ड तपासताना मी स्वतःच स्वतःला फसवलं होतं. सीटी पायावर स्कोपचा प्रोब लावला, तर वेळ आणखी वाढला! दहा पटीच्या प्रोबचे १० मेगाओहम, त्यातून वाहणारा करंट हिशेबात धरला की एक सेकंदाचे जवळपास दीड सेकंद होतात. एक पटीवर प्रोब ठेवला तर त्याच्या एका मेगाओहमवर २२० नॅनोअँपिअर मिळून ०.२२ व्होल्टच होतात, १.२३ कधीच गाठत नाहीत, आणि रिसेट सुटतच नाही. सीटीला हात लावू नका. सप्लाय आणि रिसेट यांच्यातलं अंतर मोजा. कपॅसिटर एक्स७आर किंवा सीओजी घ्या. वाय५व्ही तापला की क्षमतेचा मोठा भाग गमावतो, आणि तापणं इकडे फुकट मिळतं.

रिसेटच्या तारेची जोडणीही तपासा. मॅक्स ८२३ चं आउटपुट दोन्ही बाजूंना जोर लावणारं आहे. एसटीएम३२ चा एनआरएसटी स्वतःही खाली ओढतो, प्रोग्रामरही त्याला खाली ओढतो. दोघांची ओढाताण झाली की प्रोग्रामर जोडणी धरत नाही आणि आतला रिसेट अर्धवट राहतो. मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाका. आतल्या ४० किलोओहमच्या पुलअपसोबत खालची पातळी ०.३५ व्होल्टच्या आसपास येते, ती चालते. ओपन ड्रेनची, म्हणजे फक्त खाली ओढणारी, चिप मिळाली तर हा प्रश्नच नाही. आणि सप्लाय एक व्होल्टच्या खाली असताना ही चिपही काही हमी देत नाही. म्हणून रिसेटवर १०० किलोओहम ग्राउंडकडे, आणि रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर १० किलोओहम ग्राउंडकडे लावा. दुसरा नसेल, तर लाइट येता-जाता रिले एकदा टक् करतो, आणि त्या टकासरशी कॉन्टॅक्टर ओढला तर विहिरीत उतरलेल्या माणसाचं काय, हे ध्यानात ठेवा. त्याच कारणानं रिसेटनंतर मोटर लगेच चालू करू नका. आधीची अवस्था मेमरीत ठेवा, पण काही मिनिटं थांबून, पाइपातलं पाणी परत येऊन पंप स्थिर झाल्यावरच पुढचं ठरवा.

आबांचा बोर्ड

रॅममधला क्रमांक पाचही वेळा २ आला: मॉड्यूलला आज्ञा देणं. स्कोपवर सप्लाय सपाट, डब्ल्यूडीआय १.५ सेकंद गप्प. पण रात्रीच का? विचारल्यावर आबा म्हणाले, "गावनी लाइट गयी का रेंजबी जास." गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. गावातली लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवर पडतो, मोटर मात्र चालूच असते. नेटवर्क गेलं की आमचा प्रोग्राम पुन्हा नोंदणीची आज्ञा देऊन दहा सेकंद मुकाट वाट पाहत होता. माझ्या कपॅसिटरनंतरचे ते तीन दिवस गावात लाइट गेलीच नव्हती, एवढंच.

वाट पाहण्याचे तुकडे केले. मग टेबलावर आधी सिम काढून आणि अँटेना सोडून एक रात्र चालवला. व्हेरिॲकनं २३० वरून झटकन १२० वर आणि परत, असं वीस वेळा केलं. प्रोग्राममध्ये एक छुपी आज्ञा ठेवली आहे, तिनं मुद्दाम न संपणाऱ्या फेरीत अडकवायचं आणि रिसेट किती वेळात येतो ते मोजायचं. ते एकदा थंड बोर्डावर केलं आणि एकदा हेअर ड्रायरनं तापवून. आता पेटीच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहिलं आहे: रिसेट २०६ मिलिसेकंद, वॉचडॉग १.५४ सेकंद, आणि तारीख. पुढच्या दुरुस्तीला पेटी ज्याच्या हातात पडेल, त्यानं इस्त्री लावायच्या आधी हे दोन आकडे पुन्हा मोजून बघावेत.